रुईच्या पानांचा अर्क आणि कर्करोगाच्या पेशी: ताटलीत दिसलेल्या परिणामाचा अर्थ कसा लावावा?

जानापाव (इंदूर), धागाकर्ता

इंदूरच्या एका औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयात मी वनौषधींचा विषय शिकवतो. यंदा पदव्युत्तर वर्गातल्या दोन विद्यार्थिनींनी प्रकल्पासाठी रुई घेतली आहे. चोरलकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, पडीक शेतांच्या बांधांवर, अगदी शहरातल्या रिकाम्या भूखंडांवरही ही वनस्पती, जिला आपल्याकडे माळव्यात सगळे 'आकडा' म्हणतात, विपुल आहे. गुरे तिला तोंड लावत नाहीत आणि पाने तोडली म्हणून कोणी हटकत नाही. मात्र निवडीमागे केवळ सोय नव्हती. 1964 साली अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ कुपचान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुईच्या जवळच्या नात्यातल्या काकतुंडी या लाल-पिवळ्या फुलांच्या झुडपातून पेशींना मारक ठरणारे द्रव्य वेगळे केले आणि ते कॅलोट्रॉपिन निघाले, म्हणजे रुईच्या चिकात असणारेच द्रव्य. तेव्हा या कुळात काहीतरी आहे, हे साठ वर्षांपासून ठाऊक आहे.

काम असे झाले. पाने सावलीत वाळवून भरड दळली. सॉक्सलेट या अर्क काढण्याच्या उपकरणात आधी पेट्रोलियम ईथरने मेण आणि स्निग्धांश काढून टाकले आणि मग क्लोरोफॉर्म, इथाइल अ‍ॅसिटेट व मिथेनॉल अशा ध्रुवीयतेच्या चढत्या क्रमाने अर्क घेतले. रोटरी इव्हॅपोरेटरवर द्रावक उडवल्यावर क्लोरोफॉर्मचा अंश गडद हिरवा, चिकट, काकवीसारखा उरला. तो डीएमएसओ या द्रावकात विरघळवून, पेशींपर्यंत डीएमएसओ अर्ध्या टक्क्याहून अधिक जाणार नाही अशा बेताने, स्तनाच्या कर्करोगापासून मिळवलेल्या एमसीएफ-7 पेशींवर अठ्ठेचाळीस तास ठेवला. नंतर एमटीटी ही नेहमीची चाचणी केली. यात जिवंत पेशी पिवळ्या रंगद्रव्याचे जांभळ्या स्फटिकांत रूपांतर करतात आणि त्या जांभळ्या रंगाची तीव्रता 570 नॅनोमीटरवर मोजतात. सूक्ष्मदर्शकाखाली फरक डोळ्यांनाच दिसत होता: नुसत्या डीएमएसओच्या वेलमध्ये (ताटलीतल्या छोट्या खळग्यात) जांभळ्या सुयांचे दाट जाळे, तर क्लोरोफॉर्म अंशाच्या वेलमध्ये पेशी गोल होऊन तळ सोडून तरंगणाऱ्या आणि सुया तुरळक. निम्म्या पेशी रोखणारे प्रमाण, कच्च्या अर्कासाठी सर्वसाधारणपणे जी मर्यादा धरतात त्या मिलिलिटरला 20 मायक्रोग्रॅमच्या आत आले.

विद्यार्थिनींना आता अहवालाच्या मथळ्यात 'रुईच्या पानांचे कर्करोगविरोधी गुणधर्म' असे लिहायचे आहे. मी त्यांना थांबवले आहे. असे म्हणण्याआधी आणखी काय काय तपासायला हवे, यावर जाणकारांनी लिहावे, अशी विनंती आहे. मिळणारा निधी बेताचा आहे, हेही लक्षात असू द्यावे.

सुदामानगरकर (इंदूर)

सर, आपला धागा वाचून राहवले नाही म्हणून लिहितो. मी या क्षेत्रातला नाही. माझ्या थोरल्या काकांना जबड्याचा कर्करोग आहे आणि त्यांचे रेडिएशन चालू आहे. एका नातेवाइकाने त्यांना गुळात रुईच्या चिकाचे थेंब घालून रोज घ्यायला सांगितले आहे आणि त्यासाठी मोबाइलवर आलेल्या एका लेखाचा दाखला दिला आहे. त्या लेखातही 'प्रयोगशाळेत रुईने कर्करोगाच्या पेशी मारल्या' असेच लिहिलेले आहे. आपण जे लिहिले आहे ते त्याहून वेगळे आहे का? आणि ताटलीत पेशी मरत असतील, तर थोड्या प्रमाणात घेऊन पाहण्यात काय धोका आहे? काका माझे ऐकतात, म्हणून त्यांना नक्की काय सांगावे हे मला समजून घ्यायचे आहे.

नाडीपरीक्षा (ग्वाल्हेर)

सुदामानगरकर, आधी आपल्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण ते थांबण्यासारखे नाही. काकांना रुईचा चीक अजिबात देऊ नये. गुळात नाही, मधात नाही आणि थेंबभरसुद्धा नाही.

कारण असे. रुईच्या चिकातली कॅलोट्रॉपिनसारखी द्रव्ये कार्डिनोलाइड या गटातली आहेत. हृदयाच्या औषधांपैकी डिगॉक्सिन याच गटातले. 1785 साली विदरिंग या इंग्रज वैद्याने डिजिटॅलिस या अशीच द्रव्ये असलेल्या वनस्पतीविषयी आपले निरीक्षण प्रसिद्ध केले, तेव्हापासून वैद्यकशास्त्र ही द्रव्ये वापरत आले आहे आणि तेव्हापासूनच त्यांना वचकूनही आहे. डिगॉक्सिनचे रक्तातले प्रमाण मिलिलिटरला दोन नॅनोग्रॅमच्या, म्हणजे एका ग्रॅमच्या दोन अब्जांशांच्या वर जाऊ लागले की विषबाधेची धास्ती सुरू होते. मळमळ, उलट्या, दृष्टीत फरक आणि मग हृदयाचे ठोके अनियमित होणे, अशी ती वाट आहे. गोळीत औषध किती हे निदान छापलेले तरी असते. चिकाच्या थेंबात किती, हे झाडागणिक, ऋतूगणिक आणि पानाच्या वयागणिक बदलते. त्यातच जबड्याच्या दुखण्यामुळे काकांचे खाणेपिणे कमी झाले असेल, तर शरीरातले पाणी आणि क्षार आधीच डळमळीत असणार. पोटॅशियम खाली गेलेल्या माणसाला ही द्रव्ये अधिकच बाधतात.

आता ताटलीविषयी. ताटलीतल्या पेशींना हृदय नसते, मूत्रपिंड नसते आणि उलटीही होत नाही. डिगॉक्सिनने कर्करोगाच्या पेशी ताटलीत मरतात हे अनेकांनी दाखवले आहे. पण त्यासाठी लागणारे प्रमाण बहुतेक प्रयोगांत रक्तातल्या सुरक्षित पातळीच्या कितीतरी पट असते. तेवढे प्रमाण रक्तात चढवू गेल्यास गाठीआधी माणूस जाईल. तो लेख लिहिणाऱ्याने कदाचित खोटे लिहिले नसेल, त्याने अर्धे लिहिले असेल. काकांनी आतापर्यंत काही घेतले असेल, तर ते त्यांच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. 'डॉक्टर रागावतील' म्हणून हीच गोष्ट घरोघरी लपवली जाते, हा माझा अनुभव आहे.

पेशीगृह (मूळ इंदूर, सध्या पुणे)

जानापाव सर, मी पेशीसंवर्धनाचे काम करतो. नाडीपरीक्षा यांनी कार्डिनोलाइडचा उल्लेख केलाच आहे, त्यामुळे मला जे सर्वांत महत्त्वाचे वाटते तेथूनच सुरुवात करतो.

आपला पुढचा प्रश्न बहुधा 'निरोगी पेशींवर काय परिणाम होतो' हा असेल आणि त्यासाठी बहुतेक महाविद्यालये जी पेशीमाला (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेला पेशींचा वाण) मागवतात ती एल-929 असते, कारण ती स्वस्त आणि दणकट आहे. ती उंदराची आहे. रुईच्या बाबतीत येथेच फसगत होते. कार्डिनोलाइड ज्या प्रथिनाला चिकटतात तो पेशीच्या आवरणातला सोडियम-पोटॅशियम पंप आहे. माणसात हा पंप या द्रव्यांना फार संवेदनशील आहे; उंदीर-घुशींमध्ये मात्र त्याच्या मुख्य घटकातली दोनच अमिनो आम्ले वेगळी आहेत आणि तेवढ्याने द्रव्य नीट चिकटेनासे होते. परिणामी मानवी पेशींना मारणारे प्रमाण उंदराच्या पेशींना शेकडो पटींनी वाढवले तरी बाधत नाही. आता कल्पना करा: एका बाजूला मानवी एमसीएफ-7, दुसऱ्या बाजूला उंदराची एल-929. पहिली मरते, दुसरी तगते. अहवालात लिहिले जाते, 'कर्करोगाच्या पेशी मरतात, निरोगी पेशी सुरक्षित राहतात.' प्रत्यक्षात सिद्ध झाले ते एवढेच की मानवी पेशी मरतात आणि उंदराच्या मरत नाहीत.

हाच घोटाळा प्राण्यांवरच्या प्रयोगांतही होतो. उंदराच्या अंगात मानवी गाठ रुजवून औषध दिले की गाठ आक्रसते आणि उंदीर ठणठणीत राहतो. पाहणाऱ्याला वाटते, औषध किती निवडक आहे! बेल्जियममध्ये रुईच्या मुळांच्या सालीतल्या एका कार्डिनोलाइडपासून अर्धसंश्लेषित रेणू तयार करून तो माणसांवरच्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीपर्यंत नेण्यात आला होता. तेव्हा हा मार्ग अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. पण 'कोणाच्या तुलनेत सुरक्षित' हे विचारल्याशिवाय रुईवरचा कोणताही शोधनिबंध वाचू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट एमटीटीची. वनस्पतींच्या अर्कातले फिनॉलिक पदार्थ पेशींच्या मदतीशिवायच एमटीटीचा रंग जांभळा करू शकतात. म्हणून पेशी न घातलेल्या वेलमध्ये नुसता अर्क आणि एमटीटी घालून एक ओळ ठेवलीच पाहिजे. क्लोरोफॉर्म अंशात हरितद्रव्यही भरपूर उतरते, त्याचा स्वतःचा रंग वाचनात मिसळतो. शक्य असल्यास एसआरबी चाचणी जोडीला करावी. तिच्यात पेशींतल्या प्रथिनांना रंग चिकटवतात आणि प्लेट धुतलेली असल्याने अर्काचा रंग फारसा आड येत नाही. दोन्ही चाचण्यांचे आकडे जुळले, तर निष्कर्षाला बळ येते.

रेणुकर (निवृत्त रसायनशास्त्रज्ञ, वडोदरा)

चर्चा योग्य दिशेने चालली आहे. मी रसायनाच्या बाजूने थोडे लिहितो.

पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी अर्क काढतात, पेशी मारतात आणि 'यात अल्कलॉइड, फ्लॅव्होनॉइड, टॅनिन आढळले' असा तक्ता जोडून मोकळे होतात. त्या तक्त्याने काहीच सांगितले जात नाही. आपल्या अंगणातल्या बहुतेक झाडांचा तक्ता तसाच निघेल. परिणाम कोणत्या रेणूमुळे झाला हे कळायचे असेल, तर अर्काचे तुकडे करत, प्रत्येक तुकडा पेशींवर तपासत, ज्यात परिणाम उतरला त्याचेच पुन्हा तुकडे करत जावे लागते. हे काम वेळखाऊ आहे आणि त्याचे उत्तम उदाहरण मराठी मुलखातून गेलेल्या माणसाचे आहे. मनसुख वाणी यांचा जन्म 1925 सालचा, नंदुरबारचा. शिक्षण मुंबई विद्यापीठात आणि पुढे अमेरिकेत. मनरो वॉल यांच्यासोबत त्यांनी 1966 साली कॅम्प्टोथेसिन आणि 1971 साली टॅक्सॉल या दोन कर्करोगविरोधी रेणूंच्या रचना प्रसिद्ध केल्या. टॅक्सॉल ज्या यू वृक्षाच्या सालीतून मिळाले, तिचा नमुना 1962 साली गोळा केलेला होता. ते पेशीविभाजनाला नेमके कसे अडवते हे सुझन हॉरविट्झ यांनी 1979 साली दाखवले आणि अंडाशयाच्या कर्करोगासाठी परवानगी मिळाली ती 1992 अखेर. झाडाची साल ते सलाईन, तीस वर्षे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने 1960 पासून सुमारे वीस वर्षांत 35,000 च्या आसपास वनस्पतींचे एक लाखाहून अधिक अर्क तपासले होते. त्यांतून दवाखान्यापर्यंत पोचलेल्या मोजक्या औषधांत ही दोन कुळे येतात.

कॅम्प्टोथेसिनचे नाव निघाले म्हणून एक अवांतर. हाच रेणू आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात सापडतो, आणि तो सापडल्यावर त्या झाडाची जी बेसुमार तोड झाली, ती अभ्यासण्याजोगी आहे. रुईला ती भीती नाही, हे तिचे भाग्य.

आता आपल्या विद्यार्थिनींसाठी स्वस्तातली सूचना. रुईत जुनीच, ओळखीची कार्डिनोलाइडे आहेत हे गृहीत धरूनच पुढे जावे. टीएलसीच्या, म्हणजे पातळ थरावर द्रव्ये वेगळी करणाऱ्या, पट्टीवर अंश चालवून केड अभिकारक, म्हणजे अल्कलीसोबत डायनायट्रोबेंझोइक आम्ल, फवारावे. कार्डिनोलाइडच्या लॅक्टोन वलयामुळे जांभळे ठिपके उमटतात. मग सिलिकाच्या कॉलमवर, म्हणजे सिलिका भरलेल्या नळीतून, क्लोरोफॉर्म अंशाचे भाग पाडून प्रत्येक भागाची केड चाचणी आणि पेशी चाचणी शेजारी शेजारी मांडावी. जेथे जांभळा ठिपका तेथेच पेशी मरतात, असे दिसले तर कुपचान यांची 1964 सालचीच गोष्ट पुन्हा सापडली, असे प्रामाणिकपणे लिहावे. एखाद्या भागात ठिपका नाही आणि तरीही पेशी मरतात, असे दिसले, तर मात्र हात घालण्यासारखे काहीतरी आहे.

पानवेडा (वडोदरा)

रसायनाच्याही आधीचा प्रश्न: रुई नेमकी कोणती? सर, आपल्या मजकुरात प्रजातीचा उल्लेख नाही. कॅलोट्रॉपिस प्रोसेरा आणि कॅलोट्रॉपिस जायगँशिया या दोन्ही आपल्या भागात आढळतात आणि दोन्हींना लोक एकाच नावाने हाक मारतात. प्रोसेराच्या पाकळ्या उभ्या असतात, आतून टोकाशी जांभळा डाग असतो आणि कळी गोलसर असते. जायगँशियाच्या पाकळ्या पसरून मागे वळतात, फूल फिकट जांभळे किंवा पूर्ण पांढरे असते. नुसत्या पानांवरून ओळख पटवू नये. फुलासकट, शक्य झाल्यास ज्यातून 'म्हातारी' उडते त्या बोंडासकट, फांदी दाबून वाळवावी, गोळा केल्याचे ठिकाण व तारीख लिहावी आणि मान्यताप्राप्त वनस्पतिसंग्रहात जमा करून क्रमांक घ्यावा. तो क्रमांक नसेल, तर उद्या कोणाला हा प्रयोग पुन्हा करता येणार नाही. रस्त्याकडेच्या झाडांवर वाहनांचा धूर आणि शिशासारखे धातू बसतात, तेही ध्यानात घ्यावे. पेशी मारणारे ते असले तर?

रुईच्या पानांवर केशरी रंगाच्या प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या वाढतात आणि ही कडू द्रव्ये अंगात साठवून पक्ष्यांपासून बचाव करतात. याच कुळावर जगणाऱ्या मोनार्क फुलपाखरात सोडियम-पोटॅशियम पंपाचाच घटक बदललेला आढळला आहे. पेशीगृह यांनी उंदराविषयी जे लिहिले, त्याचीच ही दुसरी बाजू.

कायद्याचेही पाहून ठेवावे. 2002 चा जैविक विविधता कायदा संशोधनापुरत्या कामात भारतीय विद्यार्थ्याच्या आड येत नाही. व्यापारी उपयोगाचा विचार झाला की राज्य जैवविविधता मंडळाला आधी कळवावे लागते.

जानापाव (इंदूर), धागाकर्ता

सर्वांचे आभार. प्रजातीविषयी: आमची प्रोसेरा आहे. फुले आलेली फांदी दाबून ठेवलेली आहे, ती आता संग्रहात जमा होईल. पाने यापुढे रस्त्यापासून आत, जानापाव टेकडीच्या पायथ्याच्या पडीक जमिनीवरून आणू.

पेशीगृह यांना एक विचारतो. आमच्याकडे सहज मिळण्यासारखी पेशीमाला एल-929 हीच आहे. मानवी निरोगी पेशी म्हणून काही जण एचईके-293 सुचवतात. आपले मत काय? आणि एल-929 चा काहीच उपयोग नाही का?

पेशीगृह (मूळ इंदूर, सध्या पुणे)

एचईके-293 मानवी मूत्रपिंडापासून मिळवलेली असली, तरी अ‍ॅडिनोव्हायरसचा डीएनए घालून तिला अमर केलेले आहे. तिला 'निरोगी' म्हणणे धाडसाचे ठरेल. मानवी त्वचेच्या फायब्रोब्लास्ट पेशी मिळाल्या तर उत्तम. नाहीतर महाविद्यालयाच्या नीतिसमितीची मान्यता घेऊन, संमती दिलेल्या व्यक्तीच्या रक्तातल्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी वापराव्यात. त्यांचे वाचन करताना त्या ताटलीत विभाजित होत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. झपाट्याने वाढणाऱ्या पेशींची स्थिर पेशींशी केलेली तुलनाही पूर्ण न्याय्य नसते.

एल-929 मात्र फेकू नका. तिला 'निरोगी पेशी' हे पद देऊ नका, तिला पंचाचे काम द्या. रेणुकर यांनी सांगितलेला प्रत्येक भाग एमसीएफ-7 वर आणि एल-929 वर एकाच प्लेटमध्ये, एकाच दिवशी लावा आणि शेजारी ओवाबेन हे शुद्ध कार्डिनोलाइड ठेवा. ज्या भागाने मानवी पेशी मरतात आणि उंदराच्या जगतात, त्याचा कल ओवाबेनसारखा; तेथे परिणाम कार्डिनोलाइडचाच असण्याची शक्यता दाट. ज्याने दोन्ही मरतात, तेथे दुसरे काहीतरी आहे, मग ते कामाचे असो वा सरसकट विष असो. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचे औषधही लावा, पण रुईच्या प्रयोगात खरे उत्तर ओवाबेनच्या ओळीतून मिळेल. केडच्या ठिपक्यांशी हे जुळले, तर आपल्या विद्यार्थिनींकडे महागड्या यंत्रांशिवाय दोन स्वतंत्र पुरावे असतील.

सुदामानगरकर (इंदूर)

नाडीपरीक्षा साहेब, काकांना आपला प्रतिसाद वाचून दाखवला. त्यांनी अजून चीक घेतलेला नव्हता, आता घेणार नाहीत. आणखी एक शंका: आमच्या घरी आजी गुडघ्याला रुईचे पान तेल लावून गरम करून बांधते आणि शनिवारी मारुतीसाठी रुईच्या पानांची माळही घरीच होते. त्यातही धोका आहे का?

नाडीपरीक्षा (ग्वाल्हेर)

अखंड त्वचेवर गरम पान बांधणे आणि चीक पोटात घेणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे; त्वचा फाटलेली नसेल, पुरळ येत नसेल, तर आजींना घाबरवू नका. माळ करताना देठातून निघणारा चीक बोटांना लागतो. त्याच हाताने डोळा चोळला, तर बुबुळाच्या आतल्या थरापर्यंत इजा होऊन दिसणे धूसर होते आणि सुरुवातीला दुखत नसल्याने माणूस दुर्लक्ष करतो. म्हणून माळ झाल्यावर साबणाने हात धुवावेत. चीक डोळ्यात गेलाच, तर भरपूर पाण्याने धुऊन त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

जानापाव (इंदूर), धागाकर्ता

विद्यार्थिनींशी आज बोललो. अहवालाचा मथळा 'रुईच्या पानांतील क्लोरोफॉर्म अंशाची मानवी व मूषक पेशींवरील मारकता: तुलनात्मक अभ्यास' असा ठरला आहे. एकीचे म्हणणे पडले की मथळ्यात कर्करोग नसेल, तर परिषदेत निबंध कोणी घेणार नाही. तिचे म्हणणे व्यवहारात खोटे नाही, पण मथळा तोच राहील. कॉलमचे भाग पाडायला पुढच्या आठवड्यात सुरुवात होईल. पेशीगृह, एसआरबीसाठी काही भाग आपल्याकडे पाठवता येतील का?

पेशीगृह (मूळ इंदूर, सध्या पुणे)

अवश्य पाठवावेत. द्रावक पूर्ण उडवून, वजन करून, कोरड्या स्वरूपात, गडद रंगाच्या बाटल्यांत पाठवा. डीएमएसओमध्ये विरघळवून पाठवू नका. प्रत्येक भागाबरोबर ज्या द्रावकातून तो उतरला, तेवढाच नुसता द्रावक उडवून उरलेला कोरा नमुनाही द्या. आपल्या एमसीएफ-7 ची मायकोप्लाझ्मा तपासणी अलीकडे झाली नसेल, तर ती आधी करून घ्या, कारण हे जंतू पेशींत असले तर एमटीटीचे वाचन त्यांच्यामुळेच बदलते आणि मग माझे आकडे आपल्या आकड्यांशी जुळणार नाहीत.